तासाला चार मिली

सकाळी 8.10
नंदुरबार. जानेवारी संपत आलाय. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलीय, वारा तिकडून आला की रस्त्यावरचा प्रत्येक जण शिंकतो. लहान मुलांच्या एका खासगी दवाखान्यासमोर ती स्कूटी लावते. तिला इथं नावानं कुणी हाक मारत नाही. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांची ती 'योजनेवाली ताई'. बी.कॉम. झालीय, एमएस-सीआयटी झालीय. पगार 13 हजार, त्यातले 2,400 स्कूटीच्या हप्त्याला. पेट्रोल शंभराचं टाकलं की चार दिवस चालतं, माहेरी फेरी झाली तर तीन.

जिन्याखाली तिचं टेबल. संगणक, स्कॅनर, पंचिंग मशीन, हिरव्या टॅगचा गठ्ठा, शाईचा पॅड, डिंकाची बाटली. शेजारच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतो. तो सरकारी आरोग्य योजनेचा माणूस, ही दवाखान्याची. दोघांमध्ये एक पंखा. जानेवारीत त्यावरून भांडण नसतं.

8.25
पर्स ठेवते आणि थेट वर, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाच्या दारात. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, मग आत. बाळांना हात लावायचा तिला काही कारण नाही. ती कागद बघायला आलीय.

तिसऱ्या वॉर्मरवर धडगाव तालुक्यातलं बाळ. दिवस तिसरा. आठव्या महिन्याच्या आधीच झालं. 108 नं चांदसैली घाट उतरवून तळोद्यावरून इथं आणलं. जन्माचं वजन 1150 ग्रॅम, आज 1120. पहिल्या दिवसांत वजन उतरतंच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. आतड्याला अजून पुरेसं दूध पेलत नाही. म्हणून हाताच्या शिरेतून आत सरकवलेल्या बारीक नळीतून त्याचं जेवण जातंय. साखर, प्रथिनं, क्षार एका सिरिंजमध्ये. स्निग्धांश दुसऱ्या.

तक्ता आडव्या पानाचा, चोवीस रकाने. सरांच्या अक्षरात वरच्या ओळीत आजचा हिशेब. तोंडातल्या नळीनं आईचं दूध, दर दोन तासांनी 1 मिली, म्हणजे दिवसाचे 12. स्निग्धांश तासाला अर्धा मिली, म्हणजे आणखी 12. बाकीचं मिश्रण तासाला 4 मिली, म्हणजे 96. बेरीज 120. दीड-दोन कटिंग चहा होईल एवढं. त्यावर एक माणूस चोवीस तास जगवायचा.

ती रकान्यांवर बोट फिरवत जाते. पंपावरचा आकडा, आतापर्यंत किती गेलं, लघवी किती, नळीची जागा सुजलीय का, सही. एक वाजता सही. दोन वाजता सही. तीनचा रकाना कोरा.

8.40
रात्रपाळीची सिस्टर डबा बांधून निघायच्या बेतात. तिला शहाद्याची नऊची गाडी पकडायचीय.

"सिस्टर, तीनला साखर बघितली होती का?"

"बघितली ना. अडुसष्ट. पाच नंबरचं बाळ श्वास विसरलं तेव्हा. मग राहून गेलं लिहायचं."

पाच नंबरला हलवून, पाठ चोळून परत श्वासावर आणलं होतं. त्यात वीस मिनिटं गेली. कोरा रकाना त्याचा.

ताई काही रकाना भरत नाही आणि सिस्टरलाही भरू देत नाही. खाली वेगळी ओळ लिहायची, 'उशिरा नोंद', आत्ताची वेळ, पूर्ण सही. ग्लुकोमीटरची मेमरी दाबून बघतात. 68 आहे, पण वेळ दाखवतोय 2.20. सेल बदलल्यापासून त्याचं घड्याळ चाळीस मिनिटं मागं आहे. दोघी हसतात. मग ताई ते घड्याळ लावते, तेही लिहून ठेवते. सिस्टरचा पगार 14 हजार, रात्रपाळीचा भत्ता वेगळा नाही. नऊची गाडी चुकली तर दहा वाजेपर्यंत स्टँडवर.

9.40
आजची सिरिंज भरायची वेळ. दार लावून, मास्क, टोपी, निर्जंतुक हातमोजे. दिवसपाळीची सिस्टर भरते, दुसरी आकडे मोठ्यानं वाचते. ताई दाराबाहेर उभी.

प्रथिनांची बाटली 100 मिलीची. दहा टक्के, म्हणजे शंभरात दहा ग्रॅम. बाळाला किलोमागे 3 ग्रॅम द्यायचेत. 1120 ग्रॅमच्या बाळाला 34 मिली झाले. उरलेले 66 टाकून द्यायचे. उघडलेली बाटली उद्यासाठी ठेवत नाहीत, जंतू वाढायची भीती. दुसरं एखादं बाळ याच आहारावर असतं तर एका बाटलीत दोघांचं भागलं असतं. आज हे एकटंच आहे. स्निग्धांशाचं तर आणखी वाईट: शंभरातले बारा.

बाटलीचं लेबल सिस्टर अलगद सोलते. बॅच नंबर, मुदत. ते ताईच्या हातात येतं, ताई ते कागदावर चिकटवते आणि शेजारी लिहिते: 1 बाटली उघडली, 34 मिली वापरले, बाकी टाकले. खाली दोन सह्या.

स्टोअरच्या दादांना हे 'बाकी टाकले' रोज टोचतं. "ताई, लिहिता कशाला टाकलं म्हणून? वाचणारा म्हणेल दवाखाना उधळा आहे."

"नाही लिहिलं तर म्हणेल चौतीस मिलीला अख्खी बाटली कशी."

स्निग्धांशाच्या सिरिंजला चंदेरी कागद गुंडाळतात. उजेड लागला की ते बिघडतं. तो कागद पोळ्या बांधायचाच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून येतो. एका गुंडाळीत महिना निघतो. तो कुठल्याच बिलात नाही.

10.30
खाली गर्दी. सर्दी, ताप, लसी. काऊंटरवर रोखीचा पेशंट आणि योजनेचा पेशंट यांचे रस्ते वेगळे होतात. दोन नंबरच्या वॉर्मरवर कावीळ झालेलं एका व्यापाऱ्याचं बाळ आहे. त्याच्या बिलात प्रत्येक गोष्ट स्वतंत्र: निळ्या दिव्याचे तास, सिरिंज, सुई, डोळ्यांवरची पट्टी. वडील मोबाईलवर बेरीज तपासतात, एका सुईवरून प्रश्न विचारतात, पैसे भरतात.

योजनेत तसं नाही. बाळ कोणत्या पायरीचं, त्यावरून दिवसाचा ठरलेला दर. त्यात खाट, औषध, तपासण्या, शिरेतलं जेवण, आईचं जेवण, सगळं आलं. घरी जाताना एसटीचं नाहीतर रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं एका वेळचं भाडंसुद्धा त्यातच. बाटली एक उघडा की चार, योजनेकडून मिळायचं तेवढंच. मग लेबलं कशाला चिकटवायची? कारण बाळ त्या पायरीचं होतं हे दाखवायचं तर त्याला काय काय लागलं ते दाखवावं लागतं. वजन 1200च्या आत की बाहेर, यावर पायरी बदलते. या बाळाच्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे एक फोटो आहे. वजनकाट्यावर बाळ आणि खाली लाल आकडे. पहिल्या फोटोत ट्यूबलाईट नेमकी त्या आकड्यांवर चमकली होती. ताईनं तो तिथंच पुन्हा काढायला लावला. रात्रीचे अकरा वाजले होते, ती घरी होती, व्हॉट्सअ‍ॅपवर बघून म्हणाली, परत काढा.

11.20
आयांची खोली. धडगावची आई एकोणीस-वीस वर्षांची असेल. पावरी बोलते, मराठी समजतं पण बोलायला धजत नाही. झाडूवाली मावशीही तिकडचीच, अक्राणीची, म्हणून तीच दुभाषी. तिचा पगार साडेसात हजार आणि दुभाषेगिरीचे काही नाहीत.

आई स्टीलच्या वाटीत दूध काढते. तळाला जेमतेम ओल दिसते. मावशी म्हणते, पुरे, त्याला एवढंच लागतं. सिस्टर सिरिंजनं 1 मिली ओढून घेते. आईला सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-पोळी-भाजी. ती भाकर मागते. मावशी आपल्या डब्यातली अर्धी देते.

ताईला तिच्याकडून रेशनकार्ड हवंय. ते तिच्याकडे नाही. ते नवऱ्याकडे आहे आणि नवरा गुजरातेत, बारडोलीकडे, ऊसतोडीला. दिवाळी झाली की इकडची गावंच्या गावं तिकडे जातात, होळीला परततात. एरवी नवरा-बायको मिळून एक कोयता. ही पोटुशी, म्हणून यंदा तो धाकट्या भावाला घेऊन गेला. उचल आधीच घेतलेली.

बाळाला नाव नाही. फाईलवर आईचं नाव आणि पुढे 'चं बाळ'. जन्मदाखला जन्म झाला तिथून येईल, 21 दिवसांच्या आत नोंद केली तर पैसे पडत नाहीत. बाळाचा मामा त्यासाठी धडगावला गेलाय. जीपला दीडशे जायचे, दीडशे यायचे. दाखला फुकट.

12.50
स्क्रीनवर लाल अक्षरं. क्वेरी पडलीय.

डिसेंबरमध्ये घरी गेलेल्या एका बाळाची फाईल आहे. मुंबईत की कुठं बसलेल्या योजनेच्या डॉक्टरांनी विचारलंय: दूध सुरू केल्यावर दोन दिवसांनी पुन्हा शिरेतून पोषण का सुरू केलं? कारण लिहा, तासवार तक्ता जोडा.

प्रश्न रास्त आहे. खोट्या फाईलीही येत असणार त्यांच्याकडे. पण ते बाळ आता नवापूरच्या पलीकडे कुठल्या पाड्यावर आहे, आणि ते दिवस आठवणारी सिस्टर नोकरी सोडून सुरतेला गेली.

ताई कपाटातून फाईल काढते. हिरव्या टॅगमध्ये ओवलेली ऐंशीएक पानं. ती मागून पुढे चाळते, थुंकी न लावता, रबराची टोपी बोटात घालून. डॉक्टरांच्या रोजच्या टिपणात फक्त 'पोट फुगलं, दूध बंद' आहे. तेवढ्यानं भागणार नाही. ती नर्सिंगच्या पानांवर येते. सापडतं. मध्यरात्रीनंतरच्या दोनच्या रकान्यात, बॉलपेन संपत आल्याची खरवड दिसते अशा अक्षरात: 'नळीतून हिरवं आलं, 3 मिली. पोटाचा घेर 2 सेमी वाढला. सरांना फोन. दूध थांबवलं.' वेळ, सही.

ताई खुर्चीत मागे टेकते. आज पहिल्यांदाच.

बिल इथं, जिन्याखाली, तयार होतं असं सगळ्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. ते रात्री दोन वाजता झालंय, टेप घेऊन पोटाचा घेर मोजणाऱ्या बाईच्या हातून. तिनं घेर मोजला पण लिहिला नसता, तर बाळाचं काही बिघडलं नसतं. फाईल मात्र गेली असती.

सर ओपीडीतून दोन मिनिटांसाठी येतात, उभ्याउभ्या तीन ओळींचं उत्तर लिहितात. ताई ते पान आणि तो तक्ता स्कॅन करते. फाईल जड झाली की पोर्टल घेत नाही, हलकी केली की खरवडलेली अक्षरं जातात. रंगीत, काळी-पांढरी, करड्या छटेत, असं करत करत एकदाचं जमतं. हिरवी खूण येते.

2.05
जेवण. भाकरी, मिरचीचा ठेचा, मेथी. आरोग्यमित्राच्या डब्यात पुलाव. दोघं डबे अदलाबदल करत नाहीत, पण लोणचं घेतात. तो सांगतो, ही योजना सुरू झाली तेव्हा तो शाळेत होता. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी या नावानं आधी आठ जिल्ह्यांत आली. शेजारचा धुळे त्या आठांत होता, नंदुरबार नव्हता. इथं पोचायला पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. 2017 पासून नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य. वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आता पाच लाखांचं झालंय. तो हे पाठ म्हणतो, काऊंटरवर दिवसभर तेच सांगायचं असतं.

3.15
बाप आला. ताप्तीच्या लाईनवर बारडोलीहून थेट गाडी आहे, नंदुरबारला उतरून स्टेशनापासून चालत आला. अंगावर स्वेटर, पायात स्लिपर, पिंढऱ्यांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक, रेशनकार्ड.

पहिलं वाक्य: "पैसा किती?"

"काही नाही दादा. कार्ड द्या."

मुकादमाकडून हजार रुपये घेऊन आलाय. ते उचलीत चढणार. ताई कार्ड उघडते. त्याचं नाव आहे, आईबापांचं आहे, भावाचं आहे. बायकोचं नाही. ते अजून तिच्या माहेरच्या कार्डावर. लग्नाला दोन वर्षं झाली, तहसीलला जायला सवड कधी होती? या भागात हे रोजचं. ताई आणि आरोग्यमित्र एकमेकांकडे बघतात. बाळ बापाच्या कार्डावरून जाईल. जन्माचा कागद, बापाचं कार्ड, बापासोबत बाळाचा फोटो.

"चला, हात धुवा."

तो हात धुतो. मावशी म्हणते आणखी. पुन्हा धुतो. नखांतलं काळं निघत नाही. त्याला निळा गाऊन घालतात, तो गुडघ्याच्या वर राहतो. वॉर्मरपाशी उभा करतात. बाळाकडे न बघता तो कॅमेऱ्याकडे बघतो, फोटो म्हटलं की तिकडेच बघायचं असतं. ताई म्हणते, दादा, बाळाकडं बघा. मग तो बघतो. मग फोटो राहतो बाजूला, तो बघतच राहतो. एका बोटानं पंपाकडे दाखवून विचारतो, हे काय. सिस्टर म्हणते, जेवण. तो पंपावरचा आकडा वाचतो. "चार?"

झेरॉक्स बाहेरच्या दुकानात, दोन रुपये पान. कार्डाची, आधारची, सगळी मिळून 14 रुपये. दवाखान्याचं मशीन कालपासून कागद गिळतंय. पैसे ताई आपल्या डब्यातून देते. महिनाअखेरीला मागते, कधी मिळतात, कधी विसरून जातात.

4.20
आता माणूस तोच आहे हे पटवायचं. अंगठा यंत्रावर. लाल दिवा. पुसून पुन्हा. लाल. तर्जनी. लाल. दिवाळीपासून कोयता धरलेल्या बोटांवर रेषा राहिलेल्या नाहीत. ताई त्याला ओलं फडकं देते, मग थोडं खोबरेल. लाल.

देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यात दिलं गेलं. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 ला, पंतप्रधान आले होते. आरोग्यमित्राच्या मामाचं गाव तिकडेच. हे तो एरवी अभिमानानं सांगतो. आत्ता सांगत नाही.

ओटीपीचा रस्ता उरतो. आधारला जोडलेला नंबर भावाचा. भाऊ उसाच्या फडात. फोन लागत नाही. मग मुकादमाला फोन, मुकादमाच्या पोराला फोन, पोरगा मोटरसायकलवर फडात. भावाचा फोन झाडाला टांगलेल्या पिशवीत. इकडे ताईचा हात माऊसवर. "सांगा... दोन... हां... सात... पुढे?" आकडे पुरे होतात तोवर मुदत संपते. पुन्हा पाठवा. भाऊ आता फोन हातातच धरून उभा आहे. या वेळी जमतं.

तेवढ्यात दिवे जातात. इन्व्हर्टर वरच्या मजल्यासाठी राखलेला, पंप आणि वॉर्मर त्यावर. जिन्याखालचा संगणक त्यावर नाही, आणि नसावाच. जनरेटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. सगळं पुन्हा उघडायचं.

5.40
अर्ज गेला. पहिल्या रात्रीच फोनवरून कळवलं होतं म्हणून उपचार अडले नाहीत. आता कागद मागून पोचले. मामा धडगावहून परतला, दाखला उद्या सकाळी म्हणतात. आणखी तीनशेची जीप.

सरांची संध्याकाळची फेरी. पोट मऊ आहे, नळीतून काही उलटं आलं नाही, शी झाली. दूध 1 मिलीवरून 2 करा. दिवसाचे 24 होतील. तेवढे 12 शिरेतून कमी. पंप चारवरून साडेतीन.

ताई नव्या पानावर तारीख घालते. सरांना वेळ टाकायला लावते. सर नेहमीसारखे "वेळ काय, आत्ताच की" म्हणतात आणि टाकतात.

स्टोअरचे दादा जिन्यावर गाठतात. "कमी केलं ना? मग उद्या बाटली?"

"उद्याही अख्खीच, दादा. प्रथिनं तेवढीच आहेत."

6.50
ती पर्स उचलते तर बाप टेबलासमोर उभा. रात्रीच्या गाडीनं परत जायचंय. भाऊ एकटा आहे, एकट्याचा कोयता चालत नाही, खाडा धरतात. बायकोपाशी तिची आई येईल उद्या.

"ताई, एक कागद द्या."

"कसला?"

"मी इथं होतो असा. मुकादमाला दाखवायला."

असा कुठला छापील नमुना तिच्याकडे नाही. ती संगणक पुन्हा चालू करते. दवाखान्याच्या लेटरहेडवर तीन ओळी टाईप करते: त्यांचं बाळ येथे दाखल आहे, वजन 1120 ग्रॅम, कागदपत्रांसाठी ते आज समक्ष हजर होते. मशीन कागद गिळतं. दुसरा घालते. सही घ्यायला वर जाते, खाली येते, शिक्का मारते.

तो कागद बराच वेळ बघतो. वाचता येतं त्याला, सातवीपर्यंत गेलाय.

"उद्याची पण तारीख टाका ना ताई. पोचेस्तोवर तोड सुरू झालेली राहील."

ती पेन काढते, आजच्या तारखेपुढे उद्याची तारीख आणि 'सकाळपर्यंत प्रवासात' असं लिहिते, बाजूला आपली छोटी सही करते आणि शाईच्या पॅडचं झाकण पुन्हा उघडते.